जुन्या गाडीचे स्टेअरिंग : बदलावे की बरे करावे?

आखाजीच्या किंवा लग्नसराईच्या निमित्ताने खान्देशातील एखाद्या वाड्याच्या पडवीतली जुनी फिएट ताडपत्रीखालून बाहेर काढली जाते. बॅटरी बदलली, कार्बुरेटर साफ केला की इंजिन सुरू होते. पण हा आनंद पहिल्या वळणापर्यंतच टिकतो. उभ्या गाडीचे स्टेअरिंग दोन्ही हातांनी ओढूनही वळत नाही आणि गाडी वेगात आली की तेच स्टेअरिंग चार बोटे इकडे, चार बोटे तिकडे फिरूनही चाकांना त्याचा पत्ता लागत नाही. मग घरातील तरुण मंडळी सुचवितात, 'पॉवर स्टेअरिंग बसवून टाकू.' वडीलधारे म्हणतात, 'गाडीला हात लावू नका.' या दोन टोकांच्या मधे जो शहाणपणाचा मार्ग आहे, त्याची माहिती मात्र सहसा कोणी देत नाही.

हा प्रश्न केवळ हौसेचा नाही. इंजिन बंद पडले तर गाडी थांबते. स्टेअरिंगने दगा दिला तर गाडी थांबत नाही, ती भलतीकडे जाते. धुळ्याहून मुंबईच्या दिशेने निघाल्यावर लागणारा लळिंग घाट असो, चाळीसगावजवळचा कन्नडचा औट्रम घाट असो, की जळगाव-एरंडोल-पारोळा-धुळे या महामार्गावरून धावणाऱ्या अवजड मालमोटारींच्या शेजारून काढावी लागणारी वाट असो, तेथे स्टेअरिंगमधील एका सैल सांध्याची किंमत फार मोठी होऊ शकते. म्हणूनच कोणती नवी यंत्रणा बसवावी, या प्रश्नाच्या आधी जुन्या यंत्रणेला नेमके काय झाले आहे, हा प्रश्न विचारायला हवा.

तीन गाड्या, तीन स्वभाव

खान्देशात जुनी गाडी म्हटले की तीन चेहरे डोळ्यांपुढे येतात. पहिली फिएट. मुंबईत कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कारखान्यात तयार होणारी ही गाडी १९७४पासून 'प्रीमियर पद्मिनी' या नावाने ओळखली जाऊ लागली. मुंबईत टॅक्सीच्या रूपात ती ऑक्टोबर २०२३पर्यंत टिकली. दुसरी अॅम्बेसेडर. इंग्लंडच्या मॉरिस ऑक्सफर्डवर आधारलेली ही गाडी १९५०च्या दशकाच्या उत्तरार्धापासून हिंदुस्थान मोटर्सच्या उत्तरपाडा येथील कारखान्यात तयार होत होती. मे २०१४मध्ये तिचे उत्पादन थांबले. तिसरी जीप. महिंद्रने विलीज कंपनीच्या परवान्याने बनविलेल्या जीपगाड्या शेतरस्त्यांवर, केळीच्या बागांत आणि निवडणुकीच्या प्रचारात सारख्याच उत्साहाने धावल्या.

या तिघींची स्टेअरिंग यंत्रणा एकमेकींपासून अगदी वेगळी आहे, आणि सल्ल्यांचा गोंधळ येथूनच सुरू होतो. फिएटमध्ये स्टेअरिंगच्या दांड्याच्या टोकाला मळसूत्री दंतचक्र असते. ते एका बंद पेटीत, म्हणजे स्टेअरिंग बॉक्समध्ये, दुसऱ्या भागाला फिरविते. त्याला जोडलेला ड्रॉप आर्म डावी-उजवीकडे हलतो आणि मधल्या दांड्यांमार्फत चाके वळतात. या साखळीत सांधे पुष्कळ असतात. प्रत्येक सांधा थोडासा झिजला तरी सर्वांची बेरीज चालकाच्या हाताला जाणवते.

अॅम्बेसेडरमध्ये रॅक अँड पिनियन पद्धत मुळापासूनच आहे. येथे स्टेअरिंगच्या टोकाचे लहान दंतचक्र एका सरळ दातेरी पट्टीला थेट सरकविते. सांधे कमी, म्हणून हाताची हालचाल चाकांपर्यंत अधिक नेमकेपणाने पोहोचते. त्यामुळे 'अॅम्बेसेडरला रॅक बसवून घ्या' असा सल्ला कोणी दिला, तर त्याने गाडीखाली डोकावलेले नाही, असे खुशाल समजावे.

जीपचे पुढचे दोन्ही टायर एकाच जड, अखंड अॅक्सलवर असतात आणि अॅक्सल पाट्यांच्या स्प्रिंगवर टेकलेला असतो. स्टेअरिंग बॉक्स चासीला आणि अॅक्सल स्प्रिंगला, अशी विभागणी असल्याने दोघांना जोडणारा दांडा प्रत्येक खड्ड्यात आपला कोन बदलतो. मूळ विलीज रचनेत मधे एक बेलक्रँकही असतो. तो झिजला की जीपचे नाक रस्त्यावर डुलू लागते.

आधी निदान, मग उपचार

जड स्टेअरिंग आणि सैल स्टेअरिंग या दोन स्वतंत्र तक्रारी आहेत. बहुतेक जुन्या गाड्यांत दोन्ही एकत्र आढळतात, पण त्यांची कारणे वेगळी असतात. जडपणाचे मूळ शोधण्याची एक साधी रीत आहे. गाडीचा पुढचा भाग जॅकने उचलून भक्कम स्टँडवर टेकवावा, मागच्या चाकांना दगड लावावेत आणि मग स्टेअरिंग फिरवून पाहावे. चाके हवेत असतानाही ते जड लागत असेल, तर दोष घर्षणाचा आहे. म्हणजे किंगपिन, त्यांचे बुश, सांधे किंवा बॉक्स यांपैकी काहीतरी अडते आहे. चाके हवेत असताना हलके आणि जमिनीवर टेकताच जड लागत असेल, तर टायर, हवेचा दाब आणि चाकांचे कोन तपासावेत.

पहिल्या प्रकारात आणखी एक पायरी पुढे जाता येते. कुशल कारागिराकडून ड्रॉप आर्मचा सांधा सोडवून घ्यावा. आता स्टेअरिंग एका बाजूला आणि चाके दुसऱ्या बाजूला, असे दोन भाग स्वतंत्रपणे हलवून पाहता येतात. अनेकदा असे दिसते, की बॉक्स निर्दोष आहे आणि वर्षानुवर्षे ग्रीस न मिळालेले किंगपिन गंजून घट्ट बसले आहेत. अशा गाडीला पॉवर स्टेअरिंग बसविणे म्हणजे गुडघा दुखणाऱ्या माणसाला औषध न देता पाठीमागून ढकलण्यासारखे आहे.

सैलपणासाठी चाक वर-खाली आणि मग डावीकडे-उजवीकडे धरून हलवावे. वर-खाली हलविताना खडखड जाणवली तर किंगपिन किंवा चाकाचे बेअरिंग संशयित. दुसऱ्याने ब्रेक दाबून धरल्यावर ती खडखड नाहीशी झाली, तर दोष बेअरिंगचा. डावीकडे-उजवीकडे हलविताना खेळ दिसला तर टाय रॉड एंड पाहावेत.

खान्देशाचे हवामान या भागांची कसोटी पाहणारे आहे. उन्हाळ्यात पारा पंचेचाळीस अंशांकडे जातो, तेव्हा पातळ झालेले ग्रीस बाहेर झरते आणि सांध्यांवरील रबरी टोप्या वाळून तडकतात. त्या फटींतून काळ्या मातीची बारीक धूळ आत शिरते. पावसाळ्यात तीच धूळ चिखल होते आणि ग्रीसमध्ये मिसळून पॉलिश पेपरचे काम करते. पन्नास रुपयांची टोपी वेळेवर बदलली नाही, की सांधा जातो. सांधा गेला, की टायर झिजतो.

सैलपणाची कायदेशीर मर्यादाही ठरलेली आहे. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम ९८ प्रमाणे स्टेअरिंग व्हीलवरील मोकळा खेळ ३० अंशांहून अधिक असता कामा नये, आणि स्टेअरिंगच्या सांध्यांना रबरी टोप्या असणे व त्यांचे बोल्ट वा पिना पक्क्या अडकविलेल्या असणे आवश्यक आहे. ४० सेंटिमीटर व्यासाच्या व्हीलवर ३० अंश म्हणजे कडेला सुमारे साडेदहा सेंटिमीटर. ही मर्यादा उदार आहे. चांगल्या अवस्थेतील बॉक्समध्ये खेळ याच्या निम्म्याहूनही कमी असायला हवा.

स्क्रू आवळण्याचा मोह

सैल स्टेअरिंगवर गॅरेजमध्ये हमखास होणारा उपाय म्हणजे बॉक्सवरील अॅडजस्टिंग स्क्रू आवळणे. त्याने खेळ तात्काळ कमी होतो आणि मालकही खूश होतो. परंतु गाडी आपल्या आयुष्यातील बहुतेक काळ सरळ धावलेली असते, त्यामुळे दंतचक्राची झीज मधल्या भागात सर्वाधिक आणि टोकांना कमी असते. मधला खेळ घालविण्यासाठी स्क्रू आवळला, की पूर्ण वळणावर न झिजलेले दाते एकमेकांत रुततात. मग घाटातील वळणानंतर स्टेअरिंग आपोआप सरळ येत नाही. ते ओढून आणावे लागते. ही अवस्था मूळच्या सैलपणापेक्षा अधिक धोक्याची आहे. थोड्या आवळण्याने काम भागत नसेल, तर बॉक्स उघडून आतील झिजलेले भाग बदलणे, हाच खरा उपाय होय. बॉक्समधील तेलाची पातळीही याच वेळी पाहावी. इंजिनाचे तेल दर काही हजार किलोमीटरना बदलणारे अनेक मालक स्टेअरिंग बॉक्सलाही तेल लागते, हे विसरलेले असतात.

टायरचा विचारही आवश्यक आहे. मूळच्या अरुंद टायरऐवजी रुंद रेडियल टायर घातले, तर गाडी रस्त्याला अधिक चिकटते, पण उभी असताना स्टेअरिंग जड होते. शोभेसाठी लहान 'रेसिंग' स्टेअरिंग व्हील बसविण्याचा परिणामही असाच होतो. ४० सेंटिमीटरचे व्हील काढून ३५ सेंटिमीटरचे बसविले, की तेच वळण घेण्यासाठी सुमारे १४ टक्के अधिक जोर लागतो. जुन्या गाड्यांचे व्हील मोठे ठेवण्यामागे हाच हिशेब होता. तो मोडायचा आणि मग जडपणाची तक्रार करायची, यात अर्थ नाही.

बदलायचेच ठरविले तर

एवढे सारे करूनही काहींना बदल हवाच असतो. वय वाढल्याने खांदे दुखतात, किंवा गाडी रोजच्या वापरात आहे. अशा वेळी तीन पर्याय पुढे येतात.

पहिला पर्याय फिएटचा बॉक्स काढून रॅक बसविण्याचा. मारुती ८००सारख्या छोट्या गाडीचा रॅक सहज मिळतो, म्हणून तो मोहात पाडतो. पण त्या गाडीचे वजन सुमारे साडेसहाशे किलो, तर पद्मिनीचे नऊशे किलोच्या आसपास. शिवाय एकीचे इंजिन आडवे, तर दुसरीचे उभे. पद्मिनीत तो रॅक बसविण्यासाठी मोकळी जागा इंजिनाची तेलाची टाकी आणि पुढची आडवी बीम यांच्यात शोधावी लागते. जागा सापडली तरी खरी परीक्षा पुढे असते. रॅकच्या दोन्ही टोकांचे सांधे पुढच्या सस्पेन्शनच्या आर्म ज्या बिंदूंभोवती फिरतात, त्यांच्याशी जुळले पाहिजेत. रॅक दोन सेंटिमीटर वर-खाली किंवा लांबीला कमी-जास्त झाला, तर प्रत्येक खड्ड्यात चाके आपोआप वळू लागतात. सपाट रस्त्यावर अशी गाडी सुरेख चालते आणि खराब रस्त्यावर अंगावर येते. ज्या कारागिराने हे मोजमाप आधी कागदावर मांडून दाखविले नाही, त्याच्या हाती हे काम देऊ नये.

दुसरा पर्याय विजेच्या पॉवर स्टेअरिंगचा. नव्या छोट्या गाड्यांत स्टेअरिंगच्या दांड्यावरच विजेची मोटार बसविलेली असते. जुन्या बाजारातून असा दांडा आणून बसविला, तर इंजिनाला पंप किंवा पट्टा जोडावा लागत नाही, हा मोठाच फायदा. मात्र येथे चार गोष्टी तपासाव्या लागतात. एक, वीज. ही मोटार उभ्या गाडीत पूर्ण वळणावर क्षणभर तीस-चाळीस अँपिअर आणि त्याहूनही अधिक प्रवाह ओढू शकते. जुन्या डायनमोची क्षमता वीस-पंचवीस अँपिअरच्या आसपास असते, आणि तीही इंजिन वेगात असताना. म्हणजे आधी अल्टरनेटर, चांगली बॅटरी, जाड वायर आणि योग्य फ्यूज, मग मोटार. दोन, वेगाचा संकेत. नव्या गाडीत संगणक वेग पाहून मदत कमी-जास्त करतो. जुन्या गाडीत तो संकेतच नसतो. नियंत्रक नीट निवडला नाही, तर ताशी ७० किलोमीटर वेगातही स्टेअरिंग पार्किंगइतके हलके राहते आणि गाडी तरंगल्यासारखी वाटते. तीन, गिअर. ज्या पद्मिनी व अॅम्बेसेडरमध्ये गिअरचा दांडा स्टेअरिंगच्या कॉलमवर आहे, तेथे कॉलम बदलणे म्हणजे गिअरची जोडणीही नव्याने करणे. खालून गिअर असलेल्या नंतरच्या गाड्यांत हे काम पुष्कळ सोपे आहे. चार, भार. मोटारीचा वाढीव जोर जुन्याच बॉक्समधून आणि जुन्याच सांध्यांतून पुढे जातो. झिजलेले भाग हाताच्या जोराने वर्षभर टिकले असते, ते मोटारीच्या जोराने लवकर जातील.

या पर्यायाचा एक फायदा अनेकांच्या लक्षात येत नाही. त्या काळच्या बहुतेक गाड्यांत स्टेअरिंगचा दांडा एकसंध असे. समोरून धडक बसली की तो चालकाच्या छातीकडे येई. सांधे असलेला आणि दाब बसताच दुमडणारा नवा दांडा या दृष्टीने निश्चितच सुरक्षित आहे.

तिसरा पर्याय तेलाच्या दाबावर चालणाऱ्या पॉवर स्टेअरिंगचा. जीपसाठी हाच अधिक रुळलेला मार्ग आहे, कारण नंतरच्या महिंद्र गाड्यांचे बॉक्स आणि पंप मिळू शकतात व डिझेल इंजिनात पंप फिरविण्याइतकी ताकद असते. चाळीस अश्वशक्तीच्या आसपास असलेल्या पद्मिनीच्या इंजिनावर मात्र पंपाचे ओझे टाकण्यापूर्वी विचार करावा. जीपमध्येही नवा बॉक्स जेथे बसतो तेथे चासीला आतून आधार देणे अत्यावश्यक आहे; तसे न केल्यास वाढीव जोराने चासीचीच पट्टी तडकते. डुलणाऱ्या जीपला नुसता स्टेअरिंग डॅम्पर लावून डुलणे दाबले जाते, पण झिजलेला किंगपिन तसाच राहतो.

अॅम्बेसेडरच्या मालकांचे काम तुलनेने सोपे आहे. कंपनीने नंतरच्या काही गाड्यांना कारखान्यातूनच पॉवर स्टेअरिंगचा पर्याय दिला होता. त्याच घराण्यातील भाग वापरणे हे परक्या गाडीच्या भागांशी जुळवाजुळव करण्यापेक्षा केव्हाही श्रेयस्कर.

कागदपत्रांची बाजू

मोटार वाहन कायदा, १९८८ मधील कलम ५२ वाहनातील फेरबदलांवर मर्यादा घालते. उत्पादकाने ठरविलेल्या मूळ वैशिष्ट्यांशी विसंगत ठरेल असा बदल करता येणार नाही, ही भूमिका सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९मध्ये स्पष्ट केली. झिजलेला बॉक्स काढून त्याच प्रकारचा बसविणे ही दुरुस्ती आहे. पण वेगळ्या गाडीची यंत्रणा बसविणे ही वेगळी बाब ठरू शकते. म्हणून काम हाती घेण्यापूर्वी जळगाव किंवा धुळ्याच्या प्रादेशिक परिवहन यंत्रणेकडे आणि विमा कंपनीकडे लेखी विचारणा करून उत्तर जपून ठेवावे. अपघातानंतर दावा नाकारला गेला, तर कारागिराच्या शब्दाला किंमत उरत नाही.

पन्नास वर्षांहून जुन्या गाड्यांसाठी २०२१मध्ये केंद्र सरकारने स्वतंत्र 'व्हिंटेज' नोंदणीची सोय केली. या गाड्यांच्या क्रमांकात 'व्हीए' ही अक्षरे येतात. नव्या नोंदणीचे शुल्क वीस हजार रुपये ठरविण्यात आले आणि तिची मुदत दहा वर्षांची. गाडी मूळ स्वरूपात असावी, तिच्या चासी, बॉडी वा इंजिनात मोठे फेरबदल नसावेत, ही अट आहे. रोजच्या वापरास मात्र मनाई आहे. १९७४ची पद्मिनी २०२४मध्ये या उंबरठ्यावर पोहोचली. जिला हा मान मिळवून द्यायचा आहे, तिच्या चासीवर वेल्डिंगची ठिणगीही पडू देऊ नये. रोज बाजारात नेण्याची गाडी आणि प्रदर्शनात उभी करण्याची गाडी यांचे निर्णय येथेच वेगळे होतात.

काम पूर्ण झाल्यावर

बदल कोणताही असो, ताबा घेण्यापूर्वी काही गोष्टी डोळ्यांनी पाहाव्यात. स्टेअरिंगच्या एकाही भागाला वेल्डिंग करून जोड दिलेला किंवा तापवून वाकविलेला नसावा. प्रत्येक सांध्याच्या नटात नवी स्प्लिट पिन असावी. चाके दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून टायर किंवा ब्रेकचा पाइप कोठे घासत नाही ना, हे पाहावे. विजेची यंत्रणा असेल तर तिचा फ्यूज काढून मोकळ्या मैदानात गाडी चालवून पाहावी. मदत बंद पडली तरी गाडी हाताने वळली पाहिजे. त्यानंतर अलाइनमेंट करून घ्यावे आणि पाचशे किलोमीटरनंतर सर्व नट पुन्हा तपासावेत. पहिली चाचणी घाटात घेऊ नये. आधी मोकळा सरळ रस्ता, मग खड्ड्यांचा रस्ता आणि शेवटी घाट, असा क्रम ठेवावा.

खर्चाचा क्रमही हाच असावा. प्रथम ग्रीस, टोप्या, टायरचा दाब व अलाइनमेंट. नंतर किंगपिन, बुश व एंड. त्यानंतर बॉक्सची किंवा रॅकची दुरुस्ती. आणि एवढ्यानेही समाधान झाले नाही, तरच नवी यंत्रणा. बहुतेक गाड्या तिसऱ्या पायरीपर्यंतच इतक्या सुधारतात, की चौथीचा विचार मागे पडतो. आणि चौथी पायरी चढलीच, तर काढलेला प्रत्येक मूळ भाग तेल लावून, कापडात गुंडाळून, चिठ्ठी लावून घरातच ठेवावा. पद्मिनीचा बॉक्स आज कोणत्याही कारखान्यात तयार होत नाही. पुढच्या पिढीला गाडी मूळ रूपात हवी असेल, तर ती वाट आजच्या मालकाने बंद केलेली नसावी.